मिश्री सोडवायची तर आधी ऐकून घ्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, कर्नाटक राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. आमच्याकडे बायका सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, कुटायची, बोटानं दातांवर घासत बसायचं. माझ्या आत्यानं जन्मभर हेच केलं. "लावल्याबिगर परसाकडं साफ हुईत न्हाई," म्हणायची. दवाखान्याच्या भिंतीवर कॅन्सरनं सडलेल्या तोंडाचं चित्र होतं, खाली कन्नड मजकूर. आत्याला कन्नड येत नव्हतं. पण खरं सांगते, तो मराठीत असता तरी तिनं मिश्री सोडली नसती. तिला पोट साफ व्हायला हवं होतं, दाढेचा ठणका थांबायला हवा होता, रानात भूक मारायची होती. यातलं काहीच तिला कुणी विचारलं नाही.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. त्यांत मिश्रीवाल्याच जास्त होत्या.

वर्तनशास्त्राच्या अभ्यासक सुझन मिची यांनी सहकाऱ्यांसह २०११ साली मांडलं, की वागणं बदलायला तीन गोष्टी लागतात : जमायला हवं, भोवतालची साथ हवी, मनातून वाटायला हवं. दवाखान्यातला आपला फलक फक्त तिसरीला हात घालतो, तोही भीती घालून. घरात मिश्री सासूच भाजत असेल, तर सुनेनं एकटीनं कशी सोडायची?

बेळगावात वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयं आहेत, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. बेंगळुरूत निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. दातांचा डॉक्टर दात बघतो, बाळंतपणाची डॉक्टर वजन बघते. सासूपर्यंत कुणी पोचत नाही. या सगळ्यांना एका तालुक्यासाठी एकत्र बसवा. सोबत मानसशास्त्रज्ञ, आशाताई आणि मिश्री सोडलेल्या दोन-तीन बायका हव्यातच, आणि त्या पहिल्या दिवसापासून. छापून तयार झालेलं पत्रक मराठीत करून द्यायला नव्हेत. ठरेल ते आधी चार गावांत करून बघा, शेजारच्या चार गावांशी ताडून पाहा, जमलं नाही तर बदला. आशाताईंना कामागणिक पैसे मिळतात. बायकांजवळ बसून ऐकणं हेही काम धरा. निपाणीकडे तंबाखूवरच घरं चालतात, तिथं वेगळा विचार लागेल, म्हणून सुरुवात खानापुरातून करा.

पहिली बैठक भातलावणी उरकल्यावर ठेवा. त्याआधी बोलावलंत, तर ज्यांचं ऐकायचं त्या बायका चिखलात असतील.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका