राजाला नव्वद टक्के कर्जमाफी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचा पट आणि गव्हाचे दाणे ही जुनी गोष्ट वाचली. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट, अशी चौसष्ट घरे. राजाने द्यायचे एकूण दाणे आपण १८४४६७४४०७३७०९५५१६५ असे छापले आहेत. हा आकडा चुकला आहे.

तो मला पाठ होता असे मुळीच नाही. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्यामुळे लांबलचक संख्या दिसली की अंकांची बेरीज करायची खोड लागली आहे. पुरवणीच्या समासातच केली. ८६ आली. तिला तीनने भाग जात नाही, म्हणजे छापलेल्या संख्येलाही जात नाही, आणि खऱ्या संख्येला तर जायलाच हवा. घरे जोडीजोडीने घ्या. १ आणि २ मिळून ३, ४ आणि ८ मिळून १२, १६ आणि ३२ मिळून ४८. जोडीतल्या दुसऱ्या घरात पहिल्याच्या दुप्पट, म्हणजे दोन्ही मिळून पहिल्याची तिप्पट. बत्तीसच्या बत्तीस जोड्या अशाच. बेरीज तीनच्या पाढ्याबाहेर जाईलच कशी?

मग वही काढून दुपटी करत बसले. बरोबर संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. शेवटच्या ६१५ मधला १ आपल्याकडे गळाला. (३ किंवा ९ गळाला असता तर माझी युक्ती आंधळीच ठरली असती. मग सतराने भागून पाहावे लागले असते. पहिल्या रांगेतल्या आठ घरांची बेरीज २५५, म्हणजे सतराची पंधरापट, आणि पुढची प्रत्येक रांग तिच्याच पटीत.)

एका अंकाने काय बिघडते, असे घरातही म्हणून झाले. नातीला गव्हाचे शंभर दाणे मोजायला बसवले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चार ग्रॅम भरले. त्या हिशेबाने राजाचे देणे सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन. आपल्या देशात वर्षाला साधारण अकरा कोटी टन गहू होतो, म्हणजे फेडायला सहा हजार सातशे वर्षे. आपल्या आकड्याप्रमाणे तो सहाशे सत्तर वर्षांतच मोकळा होतो. नव्वद टक्के कर्जमाफी, तीही अर्ज न करता!

'लीलावती'त भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे दिली आहेत. ही संख्या वीस अंकी, म्हणजे त्यांच्याही दोन घरे पुढे. म्हणायची तर १८४ परार्ध आणि वर बरेच काही.

लेखात एक गोष्ट यायला हवी होती, असे मात्र वाटले. जोड्यांची युक्ती अख्ख्या पटालाही लागू पडते. शेवटच्या बत्तीस घरांत पहिल्या बत्तीस घरांच्या ४२९४९६७२९६ पट दाणे. दोन्ही मिळून ४२९४९६७२९७ पट, म्हणजे हाही आपल्या संख्येचा विभाजक. फ्रेंच गणिती फेर्माला वाटले होते की ही मूळ संख्या आहे. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवून दिले की तिला ६४१ ने भाग जातो. नववीच्या वर्गात दरवर्षी हा भागाकार मी फळ्यावर मुलांकडून करून घेत असे. एकेकाने उठून एकेक अंक खाली उतरवायचा. भागाकार ६७००४१७ येई आणि बाकी शून्य आली की मागच्या बाकांवरून हमखास टाळ्या पडत.

दुरुस्ती छापाल तेव्हा स्वल्पविराम द्या, आणि तेही आपल्या पद्धतीने, म्हणजे शेवटचे तीन अंक सोडून दोन-दोन अंकांवर. मी पुन्हा बेरीज करून पाहणारच आहे. ८७ यायला हवी.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका, मिरज