सेवेला लवकर लागलेल्या मुलीचे आई-बाबांना पत्र

भायखळा, मुंबई

प्रिय आई-बाबा,

सप्रेम जय ख्रिस्त.

परवा फोनवर बाबांनी विचारले की, दादाचा धाकटा मुलगा कॉलेज सोडून चर्चच्या पूर्णवेळ सेवेत जायचे म्हणतो आहे, तूही कोवळ्या वयात या कामाला लागलीस, तेव्हा त्याला काय सांगावे? मी ‘लिहून कळवते’ एवढेच म्हणाले, कारण हा प्रश्न हो-नाही म्हणून सुटणारा नाही, आणि शिवाय तुमच्या फोनचा स्पीकर चालू होता व मागे वहिनीचा आवाज येत होता. माझे मत आधीच सांगून टाकते. त्याला अडवू नये, परंतु व्यासपीठ इतक्यात त्याच्या हाती देऊ नये. गळा, वाणी, पाठांतर ही दाने विसाव्या वर्षीही पूर्ण बहरात असू शकतात. स्वभाव आपल्या वेळेनेच तयार होतो, आणि या दोहोंत किती अंतर पडले आहे हे पाहण्याची सवय आपल्या चर्चच्या मंडळ्यांना फारशी नाही.

तरुण सेवकाला धीर द्यायचा झाला की बायबलमधले, प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेले वचन हमखास वाचले जाते, की तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये. मला संडे स्कूलचा पहिला वर्ग मिळाला तेव्हा पाळकसाहेबांनीही तेच वाचले होते. त्या वचनाच्या उत्तरार्धाकडे मात्र कोणी वळत नाही. तीमथ्याने भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता या पाच बाबतींत इतरांपुढे उदाहरण ठेवावे असे तिथे म्हटले आहे. गायनाचा, वक्तृत्वाचा किंवा किती माणसे जमली याचा त्यात उल्लेख नाही. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल असेही बजावतो की अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, नवशिका नसावा, नाही तर तो गर्वाने फुगेल. धाकट्याला पहिले वचन कोणीतरी आधीच पाठ करून दिले असणार. बाबा, दुसरे तुम्ही त्याच्याबरोबर बसून वाचावे.

माझ्या स्वभावाला खरे वळण लागले ते रुग्णभेटीत. परळच्या टाटा रुग्णालयात आपल्या नगर-बीडकडची माणसे नेहमी दिसतात. जागा मिळाली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, नाही तर रुग्णालयाजवळच्या पदपथावर ती उपचाराचे दिवस काढतात. आमच्या तरुण संघाला त्यांच्याकडे नेणाऱ्या एक निवृत्त परिचारिका होत्या आणि त्यांचे नियम कडक होते. आधी केस पेपर, रांग, कोणत्या खिडकीवर कोणता कागद मिळतो, औषधे, गावाकडे फोन, एवढे सगळे करायचे. धर्माविषयी आपण होऊन अक्षर काढायचे नाही. प्रार्थना कोणी मागितलीच तर करायची आणि तीही दोन वाक्यांत आटपायची. आजारी माणसाला नाही म्हणणे जड जाते, म्हणून त्याच्या होकारावर फार विसंबू नका, असे त्या म्हणत. आमच्यातल्या पुष्कळांना हे बुजरेपणाचे वाटे, आणि दोघे-तिघे तर ‘इथे सुवार्ता सांगूच देत नाहीत’ म्हणून येईनासे झाले. मी राहिले. माणूस असहाय असताना त्याच्यापुढे आपला शब्द जड करायचा नाही, ही शिस्त मला तिथे लागली, आणि पुढे घरोघरी भेटी देताना, नवराबायकोच्या भांडणात बसताना, कर्जबाजारी कुटुंबाशी बोलताना तीच उपयोगी पडली.

त्याच वॉर्डात ‘असे आमच्याच वाट्याला का’ या प्रश्नापुढे गप्प बसायलाही शिकले. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, तोवर त्यांच्याइतके भले कोणी नव्हते. तोंडे उघडली आणि सगळे बिघडले. विशीत आपल्याला सगळ्याच प्रश्नांची उत्तरे ठाऊक असतात, त्यामुळे ही गोष्ट त्या वयात शिकलेली बरी. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत एखाद्या तरुण मुलाला मूठमाती देताना जे पाळक थोडक्यात बोलतात, त्यांच्याविषयी मला आजही जास्त आदर वाटतो.

स्तुतीचे प्रकरण याहून अवघड आहे. उपासना संपल्यावर चर्चच्या दारात लोक हात मिळवतात आणि ‘काय छान बोललीस गं’ म्हणतात. त्यांचा हेतू निर्मळ असतो, पण ऐकणाऱ्याला त्याची चटक लागते, आणि हल्ली तर रविवारचा संदेश दुपारपर्यंत मोबाइलवर फिरू लागतो. मला बायबलमधली शमुवेलाची गोष्ट फार आवडते. मंदिरात निजलेल्या त्या मुलाला रात्री देवाची वाणी ऐकू आली, त्याला सांभाळणाऱ्या वृद्ध याजक एलीच्या घराण्याचा न्याय होणार हे कळले, आणि सकाळी उठून त्याने काय केले, तर नित्याप्रमाणे परमेश्वराच्या मंदिराची दारे उघडली. आपल्याला दर्शन झाले म्हणून रोजचे काम दुसऱ्यावर सोपवले नाही. एलीला ते सांगायला तो भीत होता, हेही तिथे लिहिले आहे. देवाचा निरोप सांगताना ज्याला कसलीच भीती वाटत नाही अशा तरुण उपदेशकाची मला जरा काळजीच वाटते. आमच्या चर्चमध्ये सतरंज्या घालणे, प्रभुभोजनाचे पेले धुणे आणि नाताळच्या कॅरलच्या फेरीनंतर उशिरा घरी निघालेल्या लहान मुलींना दारापर्यंत पोचवणे ही कामे बरीच वर्षे माझ्याकडे होती. मुलगी असल्यामुळे व्यासपीठ मला मुलांपेक्षा उशिरा मिळाले. त्यामागचे कारण अन्यायाचेच होते आणि त्याचे मी आभार मानणार नाही. तरी त्या उशिराने माझे भले झाले, हेही खरे.

गुपिताविषयी थोडे स्पष्ट लिहिते. सेवेत आले की लोक मन मोकळे करतात, आणि विशीतल्या माणसाला दुसऱ्याचे दुःख माहीत असल्याचा एक प्रकारचा मान वाटतो. आपल्याकडे चहाडीला ‘प्रार्थनेचा विषय’ हे नाव सहज मिळते. अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा म्हटले की सारी गल्ली जाणती होते. आई, तुझ्याकडे बायका सांजवेळी येऊन रडत आणि त्यांच्याविषयी तू बाबांजवळही बोलत नसायचीस, हे मी लहानपणी पाहिले होते, म्हणून मला हा धडा निम्मा घरीच मिळाला. धाकट्याला तो मुद्दाम द्यावा लागेल, कारण त्याच्या पिढीचे प्रार्थनेचे गट फोनवर चालतात आणि तिथे टाकलेले मागे घेता येत नाही.

पैशाचे आणि एकट्याने भेटी देण्याचे नियम तर साधे आहेत: अर्पण दोघांनी मोजावे, दोघांनी सही करावी; कोणाच्याही घरी एकट्याने जाऊ नये. यात अविश्वास नसतो. मोहाशी झुंजत बसण्यापेक्षा त्याला जागाच न ठेवणे सोपे जाते, एवढेच.

आता शिक्षणाविषयी. चौपाटीवरून जाताना मला पंडिता रमाबाईंची आठवण होते, कारण विधवा व इतर स्त्रियांसाठीची शाळा, शारदा सदन, त्यांनी १८८९ साली मुंबईतच सुरू केली. त्याआधी अकरा वर्षे, १८७८ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले होते. त्यांनी तेवढ्यावर थांबायचे ठरवले असते तर कीर्ती पुरेशी होती. मधल्या काळात भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच पती गेले, लहानग्या मुलीला, मनोरमेला, सांभाळत त्या इंग्लंडला गेल्या, १८८३ साली त्यांनी तिथे बाप्तिस्मा घेतला, मग अमेरिकेत हिंडून मदत उभी केली, आणि या साऱ्या काळात त्यांचे शिकणे चालूच होते. आयुष्याच्या अखेरीस बायबलचे मराठी भाषांतर करता यावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचाही अभ्यास केला. एवढे शिकलेली बाई शेवटपर्यंत विद्यार्थिनी राहिली आणि आपला मुलगा दुसऱ्या वर्षालाच कॉलेज पुरे म्हणतो, हे मला पटत नाही. पदवी हातात असलेला सेवक पुढे एखाद्या अयोग्य गोष्टीला नाही म्हणू शकतो, कारण त्याची चूल केवळ मंडळीच्या मर्जीवर पेटत नाही. पौल करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत होता. मुंबईचे घरभाडे पाहता हा मुद्दा मी वहिनीसाठीही लिहिते आहे.

बाबा, तुम्ही म्हणालात की आता आमचे वय झाले, आमचे कोण ऐकणार? बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेव्यांची, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशाची, व्यवस्था सांगितली आहे. पंचविसाव्या वर्षी त्यांनी सेवेला लागायचे, पन्नासाव्या वर्षी प्रत्यक्ष कामातून मोकळे व्हायचे, पण त्यानंतरही दर्शनमंडपात, म्हणजे त्या उपासनास्थानात, आपल्या भावांना साहाय्य करायचे. सेवेला सुरुवातीचे वय ठरवणाऱ्याने वृद्धांना घरी बसवलेले नाही, हे लक्षात घ्या. प्रभू येशूनेही सुमारे तिसाव्या वर्षी कार्यास आरंभ केला असे लूक लिहितो. धाकट्याला आज पाठीवर थाप मारणारे पुष्कळ आहेत. ‘थांब, हे बरोबर नाही’ असे ज्याच्या तोंडून तो ऐकून घेईल असा माणूस त्याच्याजवळ एकही नाही, आणि माझ्या मते ती जागा तुमची आहे. मी विशीत होते तेव्हा तुम्ही दर महिन्याला पत्र लिहून मला विचारत असा की, कोणाशी भांडलीस, कोणाचे पैसे द्यायचे राहिले, झोप किती घेतेस. उपदेश कसा झाला हे तुम्ही कधीच विचारले नाही. तसेच प्रश्न आता नातवाला विचारा.

त्याला पदवी पुरी करू द्या आणि दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे पाठवा. आमच्या परिचारिकाबाई आता थकल्या आहेत, पण रुग्णभेट चालू आहे आणि रांगेत उभे राहायला माणसे कमी पडतात. गिटार आणू नकोस म्हणावे. तरीही तो यायला तयार झाला तर मला कळवा, तिकीट मी इथून काढते.

तुमची लेक