पाळीच्या कळांबद्दल कानावर पडू द्या

संपादक महोदय,

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षे विड्या वळत होती. पाळीच्या दुसऱ्या दिवशी मांडीवर सूप आणि ओटीपोटाशी गरम फडके, तरी हजार विड्या पुऱ्या व्हायलाच हव्यात. तिला आधी सांगितले, लग्न झाले की दुखणे थांबेल. मग सांगितले, एक पोर झाले की थांबेल. थांबले नाही. आता मी नववीच्या वर्गाला शिकवते आणि बाकावर वाकून बसलेल्या मुलींना घरून तेच ऐकायला मिळते.

शाळांतून पॅड मिळू लागले, चांगले झाले. पण पाळीत का दुखते, हे कोणी सांगत नाही. पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळते आणि कळा येतात. महिनोन्‌महिने दुखत राहिले की मज्जासंस्थाही हळवी होऊ शकते, मग थोडी कळही मोठी वाटते. म्हणून ते दुखणे मनाचे ठरत नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ही द्रव्येच कमी करतात. त्यामुळे डॉक्टरांना विचारून या गोळ्या कळा सुरू होतानाच घ्याव्यात. आमच्याकडे मात्र अगदी सहन होईनासे झाल्यावर गोळी शोधतात. शेक आणि हलका व्यायामही उपयोगी पडतो. आणि दुखणे वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, शंका घेऊन तपासणी हवीच.

हे न कळल्याची किंमत मोठी असते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या पाळीच्या आणि तशा इतर तक्रारींवरून काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, सरकारला समिती नेमावी लागली. ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात.

विडी वळणाऱ्या बाईला शिबिराला जायला सवड नाही, गेली तर मजुरी बुडते. पण हात गुंतले तरी कान मोकळे असतात आणि मोबाइल आता बहुतेक घरांत आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि महापालिकेने मिळून दहा-दहा मिनिटांचे, मोबाइलवर ऐकायचे पाठ तयार करावेत. मराठीत हवेत, तसेच तेलुगू आणि कन्नडमध्येही. आमच्या गल्लीत मनातले दुखणे तेलुगूतच बोलले जाते. ऐकणाऱ्या बाईला नाव न सांगता प्रश्न विचारता यावा, आशाताईंनी ते पाठ घरोघरी पोचवावेत.

पहिला पाठ तयार झाला की आईच्या गल्लीतल्या बायकांना तो ऐकवायचे काम मी करीन.

— एक शिक्षिका, सोलापूर