काचकांडी, करडईचं तेल आणि पेरणीयंत्राचं झाकण

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. पण हे पत्र चारचौघांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. प्लास्टिकच्या दोन-तीन मोल्डिंग मशिनवर जॉबवर्क करणारे माझ्यासारखे वाळूजला आणि चिकलठाण्याला पुष्कळ आहेत. मी केलेली चूक त्यांच्यातला कुणी आजही करत असेल.

आमचा माल म्हणजे ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रावर, बियाण्याच्या पेटीला बसणारं पारदर्शक झाकण. माझी आई तिफणीमागं चालत चाड्यावर मूठ धरायची. बी अडलं की तिच्या बोटांना कळायचं. यंत्रात ते डोळ्यांनीच बघावं लागतं. एक नळी तुंबली तर तासच्या तास मोकळी जातात, आणि ते कळतं उगवण झाल्यावर. तोवर ओल उडालेली असते आणि बियाण्याची पिशवी पुन्हा घ्यायला पैसे नसतात. म्हणून हे झाकण काचेसारखं स्वच्छच लागतं. ॲक्रिलिक नावाचं प्लास्टिक त्यासाठी उत्तम. त्यातून ९२ टक्के उजेड पार जातो आणि आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षं ठेवलं तरी ते सहसा पिवळं पडत नाही. पण आहे ठिसूळ. ढेकूळ उडून लागलं, स्क्रू जरा जास्त आवळला, की तडा गेलाच.

त्या जूनमध्ये खोकीच्या खोकी परत आली. घाबरून मी एका व्यापाऱ्याकडून ‘इम्पॅक्ट वाढवणारी’ पावडर आणली आणि प्लास्टिकच्या दाण्यात मिसळली. झाकणं तुटायची कमी झाली, पण निघाली दुधी. आतलं बी दिसेना. दोन्हीकडून गेलो होतो, तेव्हा प्लास्टिकमधल्या जाणकार म्हणून कुणीतरी तुमचं नाव सुचवलं.

सिडकोतल्या तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही आधी पावडरीबद्दल एक शब्दही काढला नाहीत. तुटकं झाकण खिडकीशी धरलंत आणि विचारलंत, तडा सुरू कुठून होतो? प्रत्येक वेळी एकाच आतल्या काटकोनातून आणि स्क्रूच्या भोकातून. मग, दाणा किती तास वाळवता? शेतकरी झाकण कशानं पुसतात? मी म्हणालो, कधी थिनरनं, कधी पेट्रोलनं. तुम्ही वहीत लिहून घेतलंत. आत ताण अडकलेल्या ॲक्रिलिकला असा द्रव लागला की बारीक चिरा पडतात, हे मला वीस वर्षांच्या धंद्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही काचेच्या पेल्यात करडईचं तेल ओतलंत आणि त्यात प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेटची काचकांडी बुडवलीत. तेलातली कांडी दिसेनाशी झाली! मी पेला हातात घेऊन फिरवून पाहिला. तेलाचा आणि त्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचा आकडा, जवळजवळ सारखा, साधारण १.४७, म्हणून उजेडाला दोघांमधली सीमा जाणवत नाही, असं तुम्ही समजावलंत. माझ्या पावडरीचं दुखणं तिथंच होतं. ती पीव्हीसीसाठी बनवलेली. पीव्हीसीचा आकडा १.५४ च्या आसपास, ॲक्रिलिकचा १.४९. कण बारीक असले तरी त्यांच्या कडेवर उजेड विखुरणार आणि माल दुधी होणार. शिवाय त्या पावडरीतलं रबर ब्युटाडाइनचं, म्हणजे उन्हात खराब होणारं.

ॲक्रिलिकसाठी वेगळा मॉडिफायर, म्हणजे ठिसूळपणा कमी करणारी पावडर, मिळतो. त्याचा कण दोन-तीनशे नॅनोमीटरचा. आत ब्युटाइल ॲक्रिलेटचं रबर आणि बाहेर ॲक्रिलिकचंच कवच, त्यामुळं तो दाण्यात नीट मिसळतो. नुसत्या त्या रबराचा अपवर्तनांक १.४६६, म्हणजे कमी पडतो. त्यात जोडायच्या स्टायरीनच्या प्लास्टिकचा १.५९, म्हणजे जास्त. चार भाग हे आणि एक भाग ते घेतलं की बरोबर १.४९ च्या घरात येतं. हे गणित तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत. उत्तर जुळलं तेव्हा मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

हे कण करतात काय? तडा धावत आला की त्याच्या टोकाशी रबराचे कण आतून फाटतात, पोकळ होतात, आणि भोवतालचं ॲक्रिलिक मोडण्याऐवजी जागच्या जागी थोडं ताणलं जातं. त्या ताणण्यात धक्क्याची ताकद खर्ची पडते.

उठायच्या आधी तुम्ही तोच पेला कोमट पाण्यात ठेवलात. तेल तापलं तशी कांडी हळूहळू पुन्हा दिसू लागली. तापलं की रबराचा आकडाही काचेसारख्या कडक प्लास्टिकपेक्षा भरभर उतरतो, म्हणून उन्हात तापलेलं झाकण किंचित धुरकट दिसेल, घाबरू नका, असं म्हणालात. मे महिन्यात बांधावर मला ते खरंच दिसलं. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी तो सगळा माल परत मागवला असता.

मॉडिफायरचे तोटेही तुम्ही लपवले नाहीत. पृष्ठभाग थोडा मऊ होतो, ओरखडे लवकर पडतात, ताठपणा उतरतो. खाच पाडून लोलकाच्या हातोड्यानं तोडायच्या आयझॉड चाचणीत साधं ॲक्रिलिक मीटरला १५ ते २० ज्यूल सोसतं. मॉडिफायरनं ते दुप्पट-तिप्पट होईल, पण पॉलीकार्बोनेटच्या ६०० च्या पुढच्या आकड्याशी बरोबरी नाही, हे स्पष्ट सांगितलंत. माल विकणाऱ्या कुणीही मला इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

म्हणून आधी साचा दुरुस्त केला. आतल्या कोपऱ्यांना गोलाई दिली, भोक मोठं करून खाली रबरी वॉशर घातला, दाणा ८० अंशांवर चार तास वाळवायला लागलो, झाकणावर ‘फक्त साबणाच्या पाण्यानं पुसा’ असं मराठीत उठवलं. एवढ्यानंच निम्मी तक्रार संपली. मॉडिफायर त्यानंतर आला, तोही मला वाटला होता त्यापेक्षा कमी प्रमाणात.

फी विचारली तर तुम्ही चहा पुढं केलात. तीन शनिवार तुम्ही माझ्यासाठी दिलेत, आमच्या ऑपरेटर पोरांना तीच काचकांडी दाखवायला शेडवर आलात, लाइट गेली तरी थांबलात. त्यातल्या एकानं आता मशिनच्या बॅरलच्या, म्हणजे दाणा वितळतो त्या नळकांड्याच्या, तापमानाची वही स्वतःहून ठेवायला घेतली आहे.

यंदा गावाकडं सोयाबीनच्या पेरणीला आईला बांधावर नेलं. गुडघ्यांमुळं तिला आता तासात चालवत नाही. यंत्र थांबल्यावर तिनं पेटीवर वाकून, झाकण न उघडता पाहिलं आणि म्हणाली, तिसऱ्या नळीकडं बी सरकत नाही रे. नळी काढून बघितली, मातीचा बोळा बसला होता.

आपला कृतज्ञ,
वाळूजचा एक मोल्डिंगवाला