टोर्नॅडो नुसता दाखवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांमधल्या डिजिटल वर्गांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. भूगोलाच्या तासाला मुलांच्या डोळ्यांवर आभासी दृश्यं दाखवणारे (व्हीआर) गॉगल चढवून त्यांना थेट टोर्नॅडोच्या, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या गरगरत्या वादळाच्या पोटात नेल्याचं त्यात मोठं कौतुक आहे. मी मूळची साताऱ्याची, सध्या अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मनला राहते. इथे एप्रिल-मे म्हणजे टोर्नॅडोचे दिवस. इथल्या एका प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर मी मदतनीस म्हणून काम करते, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

गॉगलचा खेळ मुलांना आवडतो, यात वाद नाही. ‘परत, परत’ असा एकच गलका होतो. पण गॉगल उतरल्यावर विचारा की वादळ कुठून आलं, ते येणार हे आधी कशावरून कळलं असतं, तर सगळे एकमेकांकडे बघतात. एखादं पोर रात्री घाबरून उठतं ते निराळंच. संगणकावरचे खेळ तर सरळ चुकीचं शिकवतात. पट्टी सरकवायची, ‘ईएफ-५’ (टोर्नॅडोच्या तीव्रतेचा सर्वांत वरचा क्रमांक) निवडायचा आणि घरं उडवायची. प्रत्यक्षात हा क्रमांक वादळ येऊन गेल्यावर ठरतो. कोणती भिंत पडली, छप्पर कसं बांधलेलं होतं, झाडाची साल निघाली का, हे पाहून वाऱ्याच्या वेगाचा अंदाज बांधतात. शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजितांनी १९७१ मध्ये ही मोजपट्टी मांडली; तिची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे. दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून भोवरा करण्याचा प्रयोगही सगळीकडे चालतो. तो करावा, पण बाटलीत पाणी खाली उतरतं आणि टोर्नॅडोत हवा वर चढते, हे त्याच वेळी सांगावं.

मग तंत्रज्ञान वापरायचं कशासाठी? घडून गेलेलं एक वादळ मुलांच्या हातात द्यायला. आम्ही २० मे २०१३ चं मूर गावचं वादळ घेतो. मूर नॉर्मनला लागूनच आहे. दुपारी २.४० ला धोक्याचा इशारा निघाला, २.५६ ला टोर्नॅडो जमिनीला टेकला, ३.३५ ला विरला. या वेळा फळ्यावर लिहायच्या आणि नकाशावर त्याची वाट मुलांनाच मोजू द्यायची. साधारण २२ किलोमीटर भरते. ३९ मिनिटांत २२ किलोमीटर, म्हणजे ताशी जेमतेम ३४! हे गणित सुटलं की वर्ग चक्रावतो, कारण त्याच वादळातल्या वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर धरला गेला आहे. पुढे सरकण्याचा वेग आणि गरगरण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कायमचं डोक्यात बसतं. कुणीतरी लगेच म्हणतंच, ‘मग गाडी काढायची आणि पळायचं!’ त्याला उत्तर म्हणून त्याच महिन्याच्या ३१ तारखेचं ओक्लाहोमातल्याच एल रीनो गावाजवळचं वादळ आहे. त्याची रुंदी चार किलोमीटरच्या वर गेली होती आणि त्या टोर्नॅडोत जे आठ जण गेले, ते सगळे वाहनांत होते.

मूरमध्ये २४ माणसं गेली. त्यातली सात मुलं एकाच प्राथमिक शाळेतली होती. हा आकडा आम्ही आपणहून काढत नाही, पण इथल्या मुलांना तो घरी कळलेलाच असतो. म्हणूनच इशारा निघाल्यापासूनची मिनिटं मोजून त्यात आपण कुठे पोहोचू शकतो हे ठरवणं त्यांना धीर देतं. नुसती चित्रफीत दाखवून तो धीर येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता रडार. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा आणि निघून जाणाऱ्या गाडीचा भोंगा वेगळा ऐकू येतो, त्याच तत्त्वावर डॉप्लर रडार वारा कुठल्या बाजूला चाललाय ते सांगतं. रडारकडे येणारा वारा हिरवा, दूर जाणारा लाल. भडक हिरवा आणि भडक लाल एकमेकांना खेटून दिसले, की तिथे हवा गरगरते आहे. नऊ वर्षांचं मूल हे दहा मिनिटांत शिकतं आणि मग जुन्या रडारचित्रांच्या मालिकेत अशा जागेवर मोठ्यांच्या आधी बोट ठेवतं. शिवाय १९९४ पासून राज्यभर पसरलेल्या सुमारे १२० स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्यातून दर पाच मिनिटांनी नोंदी मिळतात. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा आणि पश्चिमेच्या पठारावरची कोरडी हवा कुठे भिडते, ते मुलं दवबिंदूच्या (हवा किती दमट आहे ते सांगणाऱ्या तापमानाच्या) आकड्यांवरून स्वतः रेघ मारून दाखवतात. वादळं अनेकदा त्या रेघेच्या आसपासच उठतात.

वारे रेघारेघांनी वाहताना दाखवणारे जगाचे सुंदर नकाशे इंटरनेटवर आहेत. मुलं त्यात टोर्नॅडो शोधत बसतात आणि तो सापडत नाही. त्या नकाशाचा एकेक चौकोन काही किलोमीटरचा किंवा त्याहून मोठा, तर बहुतेक टोर्नॅडो काहीशे मीटरसुद्धा रुंद नसतात. तंत्रज्ञानाला काय दिसत नाही, हाही त्या तासाचा भाग असायला हवा.

महाराष्ट्रात टोर्नॅडोची फारशी भीती नाही, हे मला ठाऊक आहे. पण पावसाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यात, विदर्भात शेतात वीज पडून माणसं दगावतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास कुठे वीज पडते आहे ते फोनवर दाखवतं. मुंबई, नागपूर, गोवा इथे हवामान खात्याची डॉप्लर रडार आहेत. मग गॉगलवर पैसे घालण्याऐवजी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वादळाची रडारचित्रं, गावांची नावं मराठीत टाकून, शाळांना का देऊ नयेत? शिक्षण खात्याने आणि हवामान खात्याने मिळून पाचवी-सहावीसाठी एवढं केलं तरी पुष्कळ झालं. त्याला प्रोजेक्टरही लागत नाही. इथे एकदा वर्गातलं नेट बंद पडलं, तेव्हा आम्ही कागदावर छापलेली चित्रं क्रमाने जमिनीवर मांडून पूर्ण तास घेतला होता.

आपली,
एक वाचक, नॉर्मन (ओक्लाहोमा)