मंत्रिमहोदय, गगनयान उडेल त्या दिवशी शाळेतला टीव्ही लागू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

२५ जून २०२५ ला, बुधवारी, दुपारी १२ वाजून १ मिनिटाने शुभांशू शुक्ला फ्लोरिडाहून अंतराळ स्थानकाकडे निघाले. राकेश शर्मांनंतर तब्बल ४१ वर्षांनी एक भारतीय वर जात होता, आणि वेळ भर शाळेची होती. आमच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा खिचडी शिजत होती. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही मात्र चादरीखाली झाकलेला. १५ जुलैला ते परतले तेही दुपारी तीनच्या सुमारास. तोही तास हुकला.

त्या आठवड्यात बातम्यांना काही तोटा नव्हता. इराण-इस्रायल युद्धविराम आदल्या दिवशीचा, अहमदाबादच्या विमान अपघाताला दोन आठवडेही झाले नव्हते. खुद्द आपल्या खात्यात तिसऱ्या भाषेवरून रान पेटलं होतं. आमच्याकडे आर्द्रा लागलेल्या, पेरणीची घाई. या गर्दीत अंतराळवीर मागं पडला तर दोष कुणाला द्यायचा? एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ मधल्या अंतराळवीरांनी यानातून केलेलं टीव्ही प्रक्षेपण अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी दाखवलंसुद्धा नव्हतं. थोड्याच वेळात ऑक्सिजनची टाकी फुटली आणि सगळं जग टीव्हीपुढं येऊन बसलं.

पण लोकांना रसच नाही, हे मला पटत नाही. चांद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी इस्रोचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक बघत होते. आमच्या पारावरही मोबाइलभोवती घोळका होता. संध्याकाळ होती, माणसं रानातून परतली होती, एवढंच.

सोयाबीनला भाव नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते आणि याला अंतराळ सुचतंय, असं गावातच कुणी म्हणेल. खोटं नाही ते. पावसाचा अंदाज देणारे उपग्रह माणसाशिवायच फिरतात. माणूस वर गेल्यानं परभणीच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं, ते मला दाखवता येणार नाही. पण गगनयानासाठी, म्हणजे आपल्याच यानातून आपली माणसं वर पाठवण्यासाठी, सुमारे २० हजार कोटी मंजूर झालेत, त्यात आमचाही पैसा आहे. पोरांना निदान बघू तरी द्या.

आणि बघण्यासारखं असतं हो! शुक्लांनी वर मूग आणि मेथी रुजवून बघितली. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा प्रयोग होता तो. नेमकं त्याच दिवसांत आमच्या रानात मूग पेरला जातो. फडक्यात मूग बांधून मोड आणणं चौथीतल्या पोरालाही जमतं. जिथं खाली-वर असं काही नाहीच, तिथं मूळ कुठल्या बाजूला जाईल? हा प्रश्न त्या दिवशी वर्गात निघाला असता, तर गुरुत्वाकर्षण शिकवायला बाईंना फळ्याची गरज पडली नसती.

मागणी छोटी आहे. श्रीहरिकोट्याहून माणसं घेऊन गगनयान निघेल, त्याच्या आठ दिवस आधी परिपत्रक काढा की त्या वेळी प्रत्येक शाळेत थेट प्रक्षेपण दाखवायचं. थकलेल्या बिलापायी ज्या शाळांची वीज तोडलीय, तिथं ती त्याआधी जोडून द्या. नाहीतर परिपत्रक भिंतीलाच चिकटून राहील. आणि एक कृपा करा: त्यात फोटो, अहवाल, लिंक काही मागू नका. नाहीतर यान उडताना आमचे गुरुजी मुलांच्या रांगा लावून फोटो काढत बसतील.

आपला,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य
ता. जिंतूर, जि. परभणी