शनिवार बघून नव्हे, वारा बघून

मालवण, 12 जानेवारी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास आणि मी कुकरपाशी. त्यामुळे धड बोलणं झालं नाही. तू म्हणालास, "आई, या शनिवारी त्या बुडालेल्या ओमिओ जहाजाला डायव्ह, तिथेच खेकडे आणि रात्री घरी पार्टी." एका दमात तीन गोष्टी. मी हो हो म्हटलं, पण रात्री झोप लागेना, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. तुझे बाबा म्हणतात, "तो तिकडचं लायसन्स काढून बसलाय, तू इथून काय शिकवणार?" डायव्हिंग मला येत नाही, कबूल. पण खेकडे आणि पाणी या दोन गोष्टींत मी तुझ्यापेक्षा जुनी आहे.

गेल्या वर्षी तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थला आले होते तेव्हा तूच मला कूजीच्या किनाऱ्यावर नेलं होतंस. वाळूवर उभं राहून पाहिलं तर पंचवीसएक मीटरवर पाण्यातून एक गंजका सुळका वर आलेला. मला वाटलं, कुणाची तरी होडी असेल. मग तिथला फलक वाचला, ती तुझी 'ओमिओ'. 1858 साली इंग्लंडात न्यूकॅसलला बांधलेलं लोखंडी जहाज. 1870 साली डार्विनकडे टेलिग्राफच्या तारेच्या कामाचं सामान आणि माणसं घेऊन गेलेलं. पुढे इंजिन काढून शिडं लावली, नंतर तीही गेली आणि ती नुसती तरंगती वखार झाली. 1905 साली वादळात दोर तुटून किनाऱ्याला लागली ती तिथेच. मला तेव्हा हसू आलं होतं. आधी कामाला, मग वळचणीला, शेवटी कुणी दोर घट्ट बांधलाय की नाही हेही बघायचं नाही. आमच्या पिढीच्या बायकांना ही गोष्ट नवी नाही.

फ्रीमँटलच्या संग्रहालयात आपण त्या 1629 साली बुडालेल्या डच 'बटाव्हिया' जहाजाचं लाकूड पाहिलं, तेव्हा तू फोटो काढत होतास आणि मी मात्र गप्प उभी होते. आपल्याकडे बुडालेलं जहाज म्हटलं की पहिलं नाव निघतं 'रामदास'चं. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या आजीसमोर नुसतं 'रामदास' म्हटलं तरी ती हातातलं काम ठेवायची. आता आपल्या निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' मुद्दाम बुडवून पाण्याखाली संग्रहालय करायचं ठरलं. चांगलंच आहे, चार पोरांना काम मिळेल. पण माझ्या पिढीला बुडालेलं जहाज हे बघायला जायचं ठिकाण आहे, ही गोष्ट पचायला वेळ लागतो, एवढं समजून घे.

आता मुद्द्याचं. जहाज आणि खेकडे एकाच बुडीत करायचे नाहीत.

एक तर तिथे खेकड्यांना हात लावायचाच नाही. तूच मला सांगितलं होतंस, विसरलास का? कोबर्न साउंड या तिथल्या आखाताच्या त्या सगळ्या पट्ट्यात खेकडे इतके घटले की 2014 साली सरकारने पकडणं बंद केलं. तुझ्या मित्राचा मित्र म्हणतो 'कोण बघतंय', तर तो मित्र तुझ्या कामाचा नाही. दुसरं म्हणजे, जिवंत खेकड्यांची जाळीची पिशवी कमरेला लटकवून गंजक्या लोखंडाच्या सांदीकोपऱ्यांत फिरायचं, ही कल्पना तुला दारू न पिता कशी सुचली? दोरी कुठेतरी अडकणार, नांगी कुठेतरी धरणार, आणि तू एकाच वेळी दोन्ही सोडवत बसणार. अडकलेल्या नायलॉनच्या दोरीने आपल्याकडे पट्टीच्या पोहणाऱ्यांना ओढून नेलेलं मी पाहिलं आहे. कापायला छोटी सुरी जवळ असू दे. आणि तिथलं काही उचलून आणायचं नाही, गंजाचा खडासुद्धा.

खोली कमी, पाचएक मीटर, म्हणून तू निर्धास्त आहेस. इथे मी बाबांना बोलावलं, कारण फिजिक्स त्यांचं. ते म्हणाले, पाच मीटरवर दाब वरच्या दीडपट असतो. तिथे सिलिंडरमधून छाती भरून हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलं, तर ती हवा दीडपट व्हायला बघते, आणि छाती काही दीडपट होत नाही. म्हणून खोली कितीही कमी असो, वर येताना श्वास रोखायचा नाही. तुला हे शिकवलं असेलच. पण शिकवलेलं आणि घाबरल्यावर आठवणारं यांत फरक असतो.

आता वार. तू शनिवार ठरवलास, कारण तुला शनिवारी सुट्टी. माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, खाडीत जाताना वार कधी बघत नसत, तिथी बघत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असली तर चारचे पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. थोडं इकडे-तिकडे. हे गणित मला शाळेत जायच्या आधी येत होतं. मागे मी तुला तुमच्याकडचं कोष्टक उघडायला सांगितलं आणि बघतच राहिले. फ्रीमँटलला दिवसातून बहुधा एकच भरती, आणि चढ-उतार मीटरभरही नाही! म्हणजे माझी तिथी तिथे बिनकामाची. तिथे बघायचा तो वारा. उन्हाळ्यात सकाळी जमिनीवरचा पूर्वेचा वारा असतो, तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी आरशासारखं सपाट असतं. दुपारकडे समुद्रावरून दक्षिण-पश्चिमेचा वारा सुटतो, ज्याला तुम्ही 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणता. तो आला की अंगाला बरं वाटतं, पण तळाची वाळू उठते आणि हातभर पुढचं दिसत नाही. म्हणून पाण्यात शिरायचं ते सकाळी सातला, आणि दहाच्या आत टॉवेल गुंडाळून कोरडं. तुम्ही लोक शुक्रवारी रात्री दोन वाजता झोपणार आणि अकराला किनाऱ्यावर पोचणार हे मला आत्ताच दिसतंय. तसं झालं तर पाण्यात जाऊ नका. वाळूवर बसून सँडविच खा आणि परत या.

परत यायला लाज वाटते, ते मला माहीत आहे. एकदा आजोबा मला घेऊन खाडीत गेले होते, मी आठ-नऊ वर्षांची. लोखंडी कडीला जाळं बांधून, मध्ये माशाचं डोकं अडकवून सोडायचं आणि थोड्या वेळाने अलगद ओढायचं, एवढीच आमची युक्ती. (तुम्ही ज्याला ड्रॉप नेट म्हणता आणि दुकानात पैसे मोजून आणता, ते हेच.) त्या दिवशी पहिली ओढ घालायच्या आधीच त्यांनी आभाळाकडे पाहिलं, हवेचा वास घेतला आणि होडी वळवली. धक्क्यावर सगळे हसले. "काय रे, लेकीक फिराक नेलं व्हतंस?" ते काही बोलले नाहीत. रिकामी टोपली आईच्या हातात दिली आणि पेज मागितली. वादळ वगैरे काही आलं नाही बरं का. थोडा वारा झाला आणि गेला. पुढे कधीही मी विचारलं की "तेव्हा उगाच परत आलो ना?" तर ते म्हणत, "हो, उगाचच." त्यांना त्याचं काहीच वाटत नसे.

खेकडे रविवारी करा. पर्थपासून सत्तर किलोमीटरवर मँड्युरा आहे, तिथली खाडी उथळ. गुडघाभर पाण्यात चालत तारेच्या वाटीसारख्या झेल्याने उचलायचे. निळ्या पायांचे ते खेकडे म्हणजे आपल्या जाळ्यात येतात त्या समुद्रातल्या कुर्ल्यांचे चुलतभाऊच. खाडीच्या काळ्या कुर्लीइतकं मांस नाही, पण गोड. पट्टी बरोबर ने. पाठीच्या एका काट्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 127 मिलिमीटर, त्याच्या आतला सोडून द्यायचा. पोटाखाली अंडी असलेली मादी कितीही मोठी असो, सोडायची. किती घ्यायचे तो आकडा आदल्या रात्री सरकारी पानावर बघ. सप्टेंबर ते नोव्हेंबर बंदी असते, आता जानेवारी आहे, तेव्हा ती चिंता नाही. अनवाणी उतरू नकोस. त्या खाडीत 'कॉब्लर' म्हणून आपल्या शिंगटीच्या जातीतला मासा चिखलात पडून असतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय धरायचा, आणि मग डॉक्टर.

आणखी एक. आपल्याकडे म्हणतात, पुनवेची कुर्ली पोकळ, अवसेची भरलेली. तिथल्या खेकड्यांना हे लागू आहे का ते मला करून सांग. मला खरंच उत्सुकता आहे.

घरी आणल्यावर आधी बर्फाच्या पाण्यात ठेव, ते सुन्न होतात, मग साफ कर. आतले कल्ले काढून टाकायचे. बारीक पाय फेकू नकोस! ते मिक्सरला फिरवून पाणी गाळून घे, रश्शाची चव त्यात आहे. कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजायचं, शेवटी सोलं. मसाल्याची बरणी मी दिली होती ती संपवली असशील तर तसं सांग, मित्रांना वाटून टाकली म्हणू नकोस.

तुझे सकाळचे सात म्हणजे आमचे साडेचार. त्या वेळी मी जागीच असते. पाण्यात शिरायच्या आधी 'चाललो' एवढं पाठव, आणि बाहेर आल्यावर 'आलो'. मधल्या वेळेत मी पाणी भरून घेईन. परत फिरलात तर तेही लिही. मी हसणार नाही.

तुझी,
आई